मुलाची भीती, मुलाचा राग आणि आपण (बडोदेकर पालकांसाठी धागा)

बालवाडीताई

पाऊस सुरू झाला की बडोद्यातल्या ओळखीच्या घरांमधून मला एक प्रश्न हमखास येतो. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा जी मुलं अगदी लहान होती ती आता शाळेत जातात, अक्षरं वाचतात. पण ढग दाटून आले की अजूनही आईला येऊन चिकटतात आणि विचारतात, "पाणी वर येणार का?" काही मुलं रात्री एकटी झोपायला तयार नसतात. एखाद्याचं अंथरूण ओलं होणं कधीच थांबलं होतं, ते पावसाळ्यात परत सुरू होतं. घरातल्या मोठ्यांना कळत नाही की झालं गेलं, आता हे मूल पुन्हा पुन्हा तेच का उगाळतंय.

मी या शहरात बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं. त्याआधी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत बालविकास शिकले. तिथे आम्हाला विद्यापीठाच्याच बालवाडीत एका बाजूला बसून मुलं नुसती पाहायला सांगत. शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, फक्त पाहायचं आणि टिपून ठेवायचं. मोठ्या माणसाला हे फार जड जातं. मूल रडायला लागलं की आपला हात आपोआप पुढे होतो, तोंडातून "गप्प, गप्प, काही झालं नाही" निघतं. तिथे बसल्यावर मला दिसलं की "काही झालं नाही" हे ऐकून मूल क्वचितच शांत होतं. एक तर ते आणखी जोरात रडतं, कारण आपलं म्हणणं पोचलं नाही असं त्याला वाटतं. नाही तर ते गप्प होतं आणि पुढच्या वेळी सांगायलाच येत नाही.

मला या धाग्यात एवढंच मांडायचं आहे. मुलाच्या मनात जे आलं आहे ते आधी मान्य करा. भीती, राग, हेवा, रुसवा, काहीही असो. मान्य केल्याने ते वाढत नाही. "तुला भीती वाटतेय. पाणी घरात आलं होतं तेव्हा अंधार होता, आपण सगळे वर गच्चीत होतो, ते आठवतंय ना?" असं म्हटलं की मुलाचे खांदे खाली येतात. त्याच्या आतलं कुणाला तरी दिसलं, हे त्याला कळतं. त्यानंतर सांगा की आज पाऊस साधा आहे, नदी किती आहे ते आपण बघू या. क्रम उलटा केला, आधी समजावलं आणि मग जवळ घेतलं, तर समजावणं वाया जातं. घाबरलेल्या मुलाच्या डोक्यात त्या वेळी तर्क शिरत नाही. आधी त्याचं शरीर शांत व्हावं लागतं आणि ते जवळच्या माणसाच्या स्पर्शाने, आवाजाने, सावकाश श्वासाने होतं.

एक विनंती मी अगदी कळकळीने करते. आपल्या शहरात मगरी आहेत. विश्वामित्रीत त्या कायमच्या राहतात, पुरात रस्त्यांवर आल्या होत्या, मुलांनी त्या पाहिल्या आहेत. "जेवला नाहीस तर मगर येईल" हे बडोद्यात आता कुणीही मुलाला म्हणू नये. दुसऱ्या गावात तो बागुलबुवा असेल, इथल्या मुलासाठी ती बातमी आहे. पोलीस आणि डॉक्टर यांचंही तसंच. ज्या माणसांकडे संकटात धाव घ्यायची त्यांचाच धाक आपण घालून ठेवतो.

आता माया म्हणजे सगळं चालवून घेणं नव्हे. भावना कोणतीही चालेल, वागणं कोणतंही चालणार नाही. राग येऊ दे, ताईला चावू देणार नाही. बालवाडीत रोज याच रेषेवर आमचं काम चाले. तुमच्या घरात ही रेषा कुठे अडते ते लिहा. मी जमेल तसं उत्तर देईन, इतर जाणकारांनीही द्यावं.

समा_रहिवासी

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. आमचं तळमजल्याचं घर होतं, पाणी कमरेच्या वर होतं. लेक आता सहा वर्षांची आहे. ती बादलीत पाणी भरते, त्यात भातुकली, बाहुल्या, माझी स्टीलची वाटी सगळं बुडवते आणि "बचाव, बचाव" ओरडत एकेक बाहेर काढते. मग परत बुडवते. महिनोन्महिने हाच खेळ चाललाय. सासूबाई म्हणतात हे अशुभ आहे, थांबव. मला अशुभ वाटत नाही, पण ती त्यातच अडकून तर नाही ना पडली, ही काळजी वाटते. थांबवावं का?

बालवाडीताई

थांबवू नका. मुलं बोलून मोकळी होत नाहीत, खेळून होतात. तुम्ही-मी तो पूर शेजारणीला, माहेरी फोनवर, भाजीवाल्याला कितीदा सांगितला असेल. तिचं सांगणं म्हणजे ती बादली. आणि तुम्ही लिहिलेल्यात एक फार चांगली गोष्ट आहे: तिच्या खेळात बाहुल्या बाहेर निघतात. प्रत्यक्षात ती असहाय होती, कुणी तरी तिला उचलून वर नेलं. खेळात ती स्वतः वाचवणारी झाली आहे.

मात्र पाहायचं ते असं. खेळात काही बदल होतोय का? कधी होडी येते, कधी एखादी बाहुली पोहायला शिकते, कधी आजी वरून दोरी टाकते, असं काही नवीन येत असेल तर ते चांगलं लक्षण आहे. खेळ अगदी जसाच्या तसा राहतो, खेळताना चेहरा दगडासारखा होतो आणि खेळून झाल्यावर ती जास्तच अस्वस्थ होते, असं असेल तर बालमानसतज्ज्ञाला दाखवा. तिच्याजवळ जमिनीवर बसा. खेळ तिच्याच हातात राहू द्या, तुम्ही फक्त विचारा, "मी काय करू? मला कुठे उभं राहायचं?" एखाद्या दिवशी ती तुम्हाला काम देईल.

आणखी एक सुचवते. काळा घोडा पुलापाशी नदीची पातळी मोजतात आणि ती पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात, बातम्यांत येते. धोक्याची पातळी २६ फूट आहे. सहा वर्षांच्या मुलीला आकडे कळतात. भिंतीवर कागद लावा, २६ वर लाल रेघ ओढा आणि रोज सकाळी तिलाच आजचा आकडा भरायला द्या. आजव्याच्या तलावातलं पाणी सोडलं की नदी का वाढते तेही सोप्या शब्दांत सांगा. "काही होणार नाही" असं वचन आपल्याला देता येत नाही आणि मुलांना ते पोकळ आहे हे कळतं. "नदी आज ९ फूट आहे, वाढली तर आपण काय करायचं ते आपलं ठरलंय" हे मात्र खरं बोलणं आहे. तिच्यासोबत एक पिशवी भरून ठेवा: टॉर्च, तिचा आवडता फ्रॉक, तीच बाहुली. पिशवी कुठे ठेवायची ते तिला ठरवू द्या.

सासूबाईंना सांगा की खेळ संपल्यावर सगळी खेळणी पुसून, कोरडी करून जागेवर ठेवायची असा शेवट करू. त्यांनाही बरं वाटेल आणि मुलीलाही रोज अनुभव येईल की पाणी ओसरतं, घर परत लागतं.

दांडियाबाजारचे_आजोबा

वाचलं. ताईंच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण माझं मत वेगळं आहे, ते मांडतो. आम्ही वाड्यात वाढलो. नऊ-दहा मुलं, वडिलांच्या चपलेचा आवाज दारात आला की अभ्यासाला बसायची. कुणी आमच्या भावना विचारल्या नाहीत. तरी आम्ही नोकऱ्या केल्या, संसार केले, आईवडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं. आज माझा नातू जेवताना "मला आत्ता बोलायचं नाहीये" असं म्हणतो आणि सूनबाई म्हणतात, त्याला वेळ द्या. माझ्या वडिलांना असं म्हणण्याची माझी हिंमत नव्हती. मुलांना धाक नको, तर मग त्यांना थांबवणार कोण? मला हे मनापासून विचारायचं आहे.

पोथीशाळा

आजोबा, तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मला थोडी इतिहासाची भर घालायची आहे, कारण हा विचार कुठून बाहेरून आला असं पुष्कळांना वाटतं.

भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. ते पेशाने वकील. स्वतःला मुलगा झाल्यावर त्याला कसं वाढवावं या विचाराने ते माँटेसोरींच्या लेखनाकडे वळले आणि वकिली मागे पडली. मार, बक्षिसं, धाक या तिन्हींशिवाय मूल शिकतं हे त्यांनी तिथे दाखवून दिलं. मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळत, लोक त्यांना प्रेमाने 'मूछाळी मा' म्हणत, म्हणजे मिशा असलेली आई. १९२३ मध्ये त्यांच्यासोबत कामाला आल्या त्या आपल्या ताराबाई मोडक. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला. पुढे ताराबाईंनी हे काम महाराष्ट्रात नेलं, बोर्डीला आणि नंतर कोसबाडला, अनुताई वाघांना बरोबर घेऊन. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांच्या अंगणात शाळा नेली, गुरं चारायला जाणाऱ्यांसाठी कुरणात नेली.

म्हणजे हे गुजराती आणि मराठी माणसांनी मिळून, आपल्याच मातीत, शंभर वर्षांपूर्वी केलेलं काम आहे. आपण बडोदेकर तर या दोन्ही भाषांचे वारस. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाला सुरुवात केली आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू केलं. मुलाला शाळेपर्यंत आणण्याचं काम त्यांनी केलं. शाळेत आणि घरात त्याला कसं वागवायचं हा पुढचा प्रश्न गिजुभाई-ताराबाईंनी हातात घेतला. मला या दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावरच्या वाटतात.

मांजलपूरकर

पोथीशाळा, प्रतिसाद फार आवडला. वाचतेय.

बालवाडीताई

आजोबा, तुम्ही इतकं सरळ विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या वाड्यात फक्त वडिलांच्या चपला नव्हत्या. तिथे आजी होती, काकू होत्या, रुसून बसायला माडी होती, शेजारी जाऊन रडायला मावशी होती. वडील रागावले तर कुणी तरी पदराआड घेऊन लाडू हातात ठेवत असे. धाक एका माणसाकडे होता आणि माया चार-पाच जणांकडे वाटलेली होती. आज गोत्रीच्या फ्लॅटमध्ये आई, बाबा आणि मूल एवढेच असतात. धाक घालणाराही तोच आणि जवळ घेणाराही तोच. त्याने फक्त धाकच घातला, तर मुलाला जायला दुसरं दार नाही.

"थांबवणार कोण" याचं उत्तर: तुम्हीच थांबवायचं आणि ठामपणे थांबवायचं. अमेरिकेत डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात बालवाडीच्या वयाच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला. कडक पण मायेत कमी अशी घरं, माया भरपूर पण नियमच नाहीत अशी घरं आणि माया व नियम दोन्ही असलेली घरं, असे प्रकार त्यांना दिसले. तिसऱ्या प्रकारच्या घरांतली मुलं स्वतःवर ताबा ठेवण्यात आणि स्वतःच्या पायावर उभं राहण्यात पुढे होती. नुसतं गोंजारणं मीही सांगत नाहीये. नियम नसलेल्या घरात मूल भेदरतं, कारण त्याला वाटतं की इथे सांभाळणारं मोठं कुणी नाही.

फरक पडतो तो थांबवण्याच्या रीतीत. धाकाने थांबलेलं मूल धाक देणारा समोर असेपर्यंत थांबतं. कारण समजून, नात्याची पत राखण्यासाठी थांबलेलं मूल तुमच्या पाठीमागेही थांबतं. मारण्याबद्दल तर आता कायदाही स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली आहे. स्वीडनने १९७९ मध्ये घरातल्या मारावरही बंदी आणली, असं करणारा तो पहिला देश.

नातू "आत्ता बोलायचं नाहीये" म्हणतो, हे मला तरी आशेचं वाटतं. तो ताट ढकलत नाही, दार आपटत नाही, शब्दांत सांगतो. तुम्ही त्याला म्हणा, "बरं. जेवून घे. झोपायच्या आधी माझ्याजवळ ये." आणि त्या वेळी खरंच बोलवा. वेळ देणं म्हणजे विषय सोडून देणं नव्हे, एवढं त्याला कळलं की पुरे.

शिफ्टड्यूटी

मी कोयलीच्या बाजूला कामाला आहे, तीन पाळ्या. रात्रपाळीहून येतो तेव्हा मुलगा शाळेला निघालेला असतो, दुपारच्या पाळीत परततो तेव्हा तो झोपलेला असतो. बायको म्हणते तुझ्याशी त्याचं नातंच होत नाहीये. घरी असलो की तो मागे मागे येतो, पण मला झोप अनावर असते आणि मोबाइलवर ग्रुपचे मेसेज चालू असतात. वेळच नाही तर जिव्हाळा कुठून आणायचा?

नंदेसरी_बाबा

दादा, मीही शिफ्टवालाच, म्हणून लिहितो. तास मोजू नका, ठरलेली एक गोष्ट धरा. आमच्याकडे आंघोळ माझी. कुठलीही पाळी असो, आठवड्यात माझ्या वाट्याला येतील त्या सगळ्या आंघोळी मी घालतो. पाणी, साबण, गप्पा, त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत. दुपारच्या पाळीत डब्याखाली चिठ्ठी ठेवतो, आता तो वाचतो म्हणून अक्षरं, आधी चित्र असायचं. तोही माझ्या डब्यात कागद ठेवतो. महिन्याचं शिफ्टचं वेळापत्रक आम्ही फ्रिजवर रंगाने लावलंय, पिवळा म्हणजे सकाळपाळी, निळा म्हणजे रात्र. बाबा कधी असणार हे त्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे वाट पाहताना त्रागा होत नाही.

आणि झोप आली असेल तर सरळ सांगा, "मी दमलोय, तासभर झोपतो, उठलो की तुझाच." मुलगा शेजारी पडून राहिला तरी चालेल. माझा तर पोटावर पुस्तक ठेवून चित्रं बघत बसतो.

बालवाडीताई

नंदेसरी_बाबा, हे मला सांगता आलं नसतं इतकं नेमकं तुम्ही सांगितलंत.

मोबाइलबद्दल फक्त एक जोडते. १९७० च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक प्रयोग केला. आई आणि काही महिन्यांचं बाळ समोरासमोर, हसत-बोलत. मग आईला सांगितलं की चेहरा निर्विकार ठेव, काहीच प्रतिसाद देऊ नको. बाळ हसून पाहतं, हात पुढे करतं, ओरडतं, मग तोंड फिरवतं आणि कोलमडतं. आई समोरच आहे, कुठे गेलेली नाही, तरीही. फोनकडे पाहणाऱ्या माणसाचा चेहरा बराचसा तसाच होतो. पण त्याच प्रयोगाचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो: आई पुन्हा बोलू लागली की बाळ हळूहळू परत येतं. तुटलेलं जोडता येतं. रोजच्या जगण्यात आईबाप आणि मूल यांची तार सारखी तुटते आणि जुळते. ती दर वेळी जुळते हा अनुभव मुलाला मिळाला पाहिजे. म्हणून शिफ्टड्यूटी, कालपर्यंत काय राहिलं याचा हिशेब करू नका.

रावपुरा_सून

आमच्याकडे जरा वेगळा पेच आहे. घरात मराठी, खाली मैत्रिणी गुजराती, शाळा इंग्रजी. लेक एरवी छान मराठी बोलते, पण चिडली की सगळं गुजरातीत येतं. "मने नथी जोईतुं, तमे जाओ!" सासूबाई लगेच म्हणतात, "आधी मराठीत बोल, मग ऐकते." त्यांना मराठी टिकावी असं मनापासून वाटतं, त्यांचंही बरोबर आहे. पण त्यानंतर ती बोलतच नाही.

पोथीशाळा

आमच्या घरात चार पिढ्या हेच. भांडण गुजरातीत, आरती मराठीत. रागाच्या क्षणी तिला जी भाषा हाताशी आहे ती येऊ द्या आणि तुम्ही मराठीतच उत्तर द्या, न टोकता. "तुला ते नकोय. बरं, मी जरा लांब बसते." मराठी टिकवायला संध्याकाळची गोष्ट आहे, गणपतीतली आरती आहे, आजीच्या हातच्या पुरणपोळीसोबतच्या गप्पा आहेत. ज्या भाषेत प्रेमाने ऐकून घेतलं जातं ती भाषा मुलं सोडत नाहीत.

गोरवा_आई

लहानांबद्दल चाललंय, पण मोठ्या मुलीबद्दल विचारू का? ती नववीत आहे. नवरात्रात मैत्रिणींसोबत मोठ्या मैदानावर गरब्याला जायचंय, रात्री बारापर्यंत. तिचे बाबा सरळ नाही म्हणाले. तिने दार लावून घेतलं, म्हणते तुमचा माझ्यावर विश्वासच नाही. बडोद्यात राहून गरब्याला पाठवायचं नाही हे मलाही पटत नाही. पण गर्दी, परतीचा रस्ता, आणि दुसऱ्या दिवशी शाळा. आम्ही दोघं आता एकमेकांवरच चिडतोय.

समुपदेशक_अलकापुरी

मी किशोरवयीन मुलांसोबत काम करते, म्हणून लिहिते.

आधी दार. ते उघडायला लावू नका, बाहेरून एवढंच सांगा की "तुझं म्हणणं मी अजून पूर्ण ऐकलेलं नाही, ऐकायचं आहे." ती बाहेर आली की पहिल्या बोलण्यात निर्णय सांगायचा नाही. कोण कोण जाणार, कोणता घागरा, कुणाच्या घरी तयार होणार, सगळं बोलू द्या. तिच्यासाठी गरबा म्हणजे नुसता नाच नाही. या शहरातल्या तिच्या वयाच्या मुलींमध्ये आपली जागा आहे की नाही, हा तिचा खरा प्रश्न आहे. तो तुम्हाला दिसला हे तिला कळू द्या.

मग तुमच्या दोघांच्या काळज्या सांगा, पण काळजी म्हणून, आरोप म्हणून नव्हे. "आम्हाला परतीच्या रस्त्याची भीती वाटते" आणि "तू बेजबाबदार आहेस" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मेंदूचा पुढचा भाग, जो धोका तोलतो, मोहाला आवर घालतो, तो पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यामुळे सगळं तिच्यावर सोडून देणं हा विश्वास नाही, आणि सगळं हातात ठेवलं तर ती शिकणार कधी? कागद घेऊन तिघं बसा. नऊ रात्रींपैकी कोणत्या रात्री जायचं ते तिने निवडावं, दुसऱ्या दिवशी शाळा आहे की सुटी हे पाहून. किती वाजता निघायचं, कुणाच्या आईबाबांच्या गाडीतून, गर्दीत चुकामूक झाली तर मैदानाच्या कोणत्या दारापाशी भेटायचं, हे सगळं तिच्याकडून येऊ द्या. आधी ती बारा म्हणेल, तुम्ही दहा म्हणाल. जी वेळ ठरेल ती दोघांनी पाळायची, तुम्हीही मध्येच बदलायची नाही.

एक वचन मात्र तुम्ही तिला द्याच: "काहीही झालं, कुणी त्रास दिला, तू ठरलेलं मोडून कुठे अडकलीस, तरी फोन कर. किती वाजलेत हे न बघता आम्ही घ्यायला येऊ आणि त्या रात्री एक शब्द बोलणार नाही. बोलणं दुसऱ्या दिवशी." मुली संकटात फोन करत नाहीत त्यामागे बहुतेक वेळा आईबाबांच्या रागाची भीती असते. ती भीती काढून टाकणं तुमच्या हातात आहे.

तिच्या बाबांशी आधी एकांतात बोला. त्यांचा नकार कशाच्या भीतीतून आला ते त्यांनाही कुणी तरी विचारायला हवं.

दांडियाबाजारचे_आजोबा

सर्वांचे प्रतिसाद वाचले. वाड्यातल्या माडीबद्दल ताईंनी लिहिलं ते खरं आहे, आमच्या आत्याच्या खोलीत मी पुष्कळदा जाऊन बसलो आहे. धाकाबद्दलचं माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही. काही मुलांना एका नजरेची गरज असते असं मी अजूनही मानतो. पण एक प्रत्यक्ष अडचण विचारतो. हाच नातू धाकट्या बहिणीला मारतो. परवा खेळण्यावरून पाठीत गुद्दा घातला. सून कामावर, मी एकटा दोघांजवळ. त्या क्षणी नेमकं काय करायचं?

बालवाडीताई

आजोबा, तुमची नजर ठेवा की. नजरेत ठामपणा असतो, तिरस्कार नसला म्हणजे झालं.

त्या क्षणी बोलण्याआधी मध्ये जा. त्याचा हात धरा, पिळू नका, फक्त धरा. आवाज खाली ठेवून एकच वाक्य: "मी मारू देणार नाही." कारणं, व्याख्यान, "किती वेळा सांगितलं" हे काहीही नको. मग आधी बहिणीकडे वळा. तिला कुठे लागलं ते बघा, पाठीवर हात फिरवा. आपण बहुतेकदा मारणाऱ्यावर ओरडत बसतो आणि जिला लागलं ती तशीच उभी राहते. त्यालाही दिसू दे की लागलेल्या माणसाकडे आधी बघायचं असतं.

मग त्याच्याजवळ बसा. "तुझं खेळणं न विचारता घेतलं, तुला संताप आला." थांबा. तो काय सांगतो ते ऐका, कदाचित खेळणं हे निमित्त असेल. सगळे तिचंच ऐकतात, ती लहान म्हणून तिला सगळं माफ, असं काही तरी बाहेर येईल. ते खोटं आहे असं म्हणू नका, त्याला तसं वाटतंय. शेवटी विचारा की पुढच्या वेळी हात उठण्याआधी काय करता येईल. मला हाक मारशील? खेळणं वरच्या फळीवर ठेवू या? त्याने सुचवलेलं पहिल्यांदा करून बघा. "सॉरी म्हण" अशी सक्ती नको. राग उतरला की मुलं स्वतःच काही तरी करतात, आपला खाऊ पुढे करतात, ते खरं असतं. आणि जी दोन-चार खेळणी फक्त त्याचीच आहेत ती वाटून घ्यायला लावू नका.

समा_रहिवासी

ताई, शेवटचं विचारते. मदत घ्यायची वेळ आली हे कसं ओळखायचं? आणि कुठे जायचं?

समुपदेशक_अलकापुरी

मी उत्तर देते. मोठ्या धक्क्यानंतर काही आठवडे झोप मोडणं, चिकटून राहणं, लहान बाळासारखं वागणं हे सर्वसाधारण आहे. महिना उलटून गेल्यावरही ते कमी होत नसेल, शाळा, खाणं किंवा झोप बिघडत असेल, मूल आवडत्या गोष्टींपासून दूर जात असेल किंवा "मी नसतो तर बरं" असं काही बोलत असेल तर थांबू नका. शेवटची गोष्ट असेल तर त्याच दिवशी जा. पहिल्यांदा मुलाच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलात तरी चालेल, ते पुढे पाठवतात. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे प्रादेशिक भाषांत बोलता येतं. मूल संकटात असेल, कुणी त्याला इजा करत असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. हा क्रमांक मुलांनाही पाठ करून ठेवायला सांगा, ती स्वतः फोन करू शकतात.

तुमची लेक रोज खेळते, शाळेत जाते, जेवते, तर मला तातडीचं काही दिसत नाही. पण पावसाळा नेहमीचा आहे, त्यामुळे एकदा दाखवून घेतलंत तर तुमच्याही मनाला आधार मिळेल. जाताना तिला खरं कारण सांगून न्या: "पावसाची भीती कमी व्हायला मदत करणाऱ्या ताई आहेत, त्या सुई टोचत नाहीत, त्यांच्याकडे खेळणी असतात." आणि बाहुली सोबत घेऊ द्या.